खोबऱ्याचं औषध

२०३६ च्या थंडीत चंदगडच्या घाटमाथ्यावरच्या सतरा वस्त्यांमधली डुकरं झाडून सगळी मेली. खडीमाळावरची तेवढी जगली.

खडीमाळ ही वडारांची पस्तीस घरांची वस्ती. आज्या-पणज्यांनी तिथला डोंगर फोडून रस्त्यांना खडी पुरवली होती. पुढं क्रशर आले, दगड फोडायची सुतकी-पहार भिंतीला टेकली, आणि घरामागं चार-दोन असायची ती डुकरं हाच पोटाचा धंदा झाला. हणमंता विटकरनं तर पत्र्याचं लांबलचक शेड बांधलं होतं. साठ माद्या, चार नर, पिल्लांचे कप्पे वेगळे. मांस गोव्याला उतरायचं आणि जातिवंत माद्या पैदाशीसाठी पार मेघालयापर्यंत जायच्या. त्या थंडीत आजूबाजूच्या वस्त्यांत जेसीबी खड्डे काढत होते, आणि हणमंताच्या शेडात जनावरं रोजच्यासारखी दावणीवर ढुशा देत होती. फरक एवढाच, की तिथं आणि वस्तीतल्या घरोघरी रोज सकाळच्या खाण्यात पसाभर पांढरे दाणे मिसळले जात. ते दाणे हणमंताच्या धाकट्या बहिणीनं तयार केले होते.

ही बहीण म्हणजे डॉ. अनसूया विटकर. खडीमाळावरून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. आई-वडील लवकर गेले, तेव्हा ती सातवीत होती. हणमंता तिच्याहून अकरा वर्षांनी मोठा. त्यानं क्रशरवर काम करून तिला शिकवलं आणि त्या बदल्यात छातीत धूळ भरून घेतली. चढ चढताना त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजायचा, आणि क्रशरवर दगड पडल्यापासून डावा पाय जरा फरफटायचा. ती पशुवैद्य झाली, पुढं विषाणूंवर संशोधन करून कोल्हापूरजवळच्या एका पशुरोग केंद्रात लागली, तेव्हा त्यानं वस्तीत जेवण घातलं. त्या जेवणात तो स्वतः पंगतीला बसला नाही. नुसता वाढत फिरला.

आफ्रिकन स्वाइन फीवर माणसाला होत नाही. त्या डुकराचं मांस खाल्लं तरी माणसाला काही होत नाही. पण डुकराला झाला, की अंगावर लाल-जांभळे डाग उठतात, ताप एकशे सहाच्या पुढं जातो, आणि आठ-दहा दिवसांत शंभरातली पंच्याण्णव जातात. लशी दोन-तीन आल्या, त्या सगळ्या अर्ध्यामुर्ध्या. त्यामुळं जगभर उपाय एकच होता. एक जनावर आजारी निघालं, की आसपासची सगळी, धडधाकटसुद्धा, मारून पुरायची.

अनसूयानं सुरुवात केली ती साबणापासून. साबणानं हात धुतले की काही विषाणू मरतात, हे जुन्या महासाथीत शाळेतल्या पोरांनाही पाठ झालं होतं. कारण अशा विषाणूंच्या अंगावर मेदाचं पातळ आवरण असतं आणि साबण ते विरघळवतो. डुकराला काही साबण चारता येत नाही. पण खोबरेल तेलात लॉरिक नावाचं मेदाम्ल असतं. ते ग्लिसरीनला जोडलं की मोनोलॉरिन तयार होतं. खायला निर्धोक, आणि विषाणूच्या आवरणात पाचरीसारखं शिरून ते फाडणारं. जगात कित्येकांनी ते पशुखाद्यात घालून पाहिलं होतं. अडचण अशी, की पोटात गेलं की ते नुसतं तेल म्हणून पचून जायचं, विषाणूपर्यंत पोचायचंच नाही. अनसूयानं सहा वर्षं खपून त्यावर असं कवच चढवलं, की अर्धं औषध घशातल्या टॉन्सिलपाशी सुटावं, जिथून हा विषाणू शरीरात शिरतो, आणि उरलेलं आतड्यातून रसवाहिन्यांत उतरावं.

प्रयोगशाळेत ते चाललं. प्रश्न होता खऱ्या गोठ्यात करून बघण्याचा. साथीच्या तोंडावर आपली जनावरं कोण देणार? तिनं चार ठिकाणी विचारलं, चारही ठिकाणी नकार मिळाला. हणमंताला तिनं विचारलंच नव्हतं. त्याला कुठून तरी कळलं, आणि तो स्वतः कोल्हापूरला आला.

“अण्णा, चाललं नाही तर सगळं शेड जाईल,” ती म्हणाली.

“तू घाल म्हणालीस तर मातीबी घालीन,” तो म्हणाला, आणि दोन पोती घेऊन एसटीत बसला.

त्या थंडीनंतर काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. मेलेल्या सतरा वस्त्यांच्या मधोमध साठ माद्यांचं जिवंत शेड, प्रयोग म्हणून मारण्याच्या यादीतून वगळलेलं. वर्षभरात औषधाला मान्यता मिळाली, मग शेजारच्या राज्यांत, मग ईशान्येत. त्याचं कागदावरचं नाव कुणाच्या तोंडात बसलं नाही. हणमंताची बायको तायव्वा त्याला पहिल्या दिवसापासून खोबरं म्हणायची, तेच नाव पडलं. आसामातले पशुपालकसुद्धा दुकानात जाऊन “खोबरा” मागतात, हे ऐकून तायव्वा पदरात तोंड घालून हसली होती. मेलेल्या वस्त्यांनी पुन्हा पिल्लं आणली ती हणमंताकडूनच. पोरांना शाळेत घालण्यापासून दुसरा मजला चढवण्यापर्यंतचे बेत खडीमाळावर होऊ लागले. अनसूया सुट्टीला गेली की म्हाताऱ्या तिच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडायच्या.

हे सुख दोन वर्षं टिकलं.

२०३८ च्या नोव्हेंबरात तिला मेघालयातून एका पशुवैद्य बाईंचा फोन आला. गारो टेकड्यांमधल्या एका गावात डुकरं मरत होती. गावानं आपल्या डुकरांना खोबरं कधी घातलं नव्हतं, कारण तिथं साथच नव्हती. नवीन आलं होतं ते एवढंच, की तीन आठवड्यांपूर्वी महाराष्ट्रातून सहा माद्या पोचल्या होत्या. त्या सहाही, सोबत पाठवलेलं खोबरं खात, ठणठणीत होत्या. बाई शांतपणे बोलत होत्या. त्यांनी आरोप केला नाही. फक्त विचारलं, की आम्ही पाठवलेले नमुने तुम्ही स्वतः बघाल का.

अनसूयानं नमुने बघितले. मग हणमंताच्या शेडातल्या निरोगी डुकरांच्या टॉन्सिलचे तुकडे मागवले. कारण विचारल्यावर त्याला नेहमीची तपासणी म्हणून सांगितलं.

त्या तुकड्यांत विषाणू होता.

ती तीन दिवस तो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहत राहिली. या विषाणूची घडण ठाऊक नव्हती असं नाही. पुस्तकात ती पहिल्या पानावर असते. त्याच्या अंगावर तीन थर असतात. वरून मेदाचा अंगरखा, त्याच्या आत प्रथिनांचं घट्ट चिलखत, आणि चिलखताच्या आत पुन्हा मेदाचाच एक पातळ सदरा. मोनोलॉरिन अंगरखा फाडायचं. चिलखताच्या आत ते पोचत नव्हतं, पण तशी गरज वाटली नव्हती, कारण अंगरखा गेलेला विषाणू इतका लुळा पडायचा, की डुकराचं शरीरच त्याला निपटून टाकायचं. म्हणजे बहुतेकांना. लाखांत एखादा असा असणार, की ज्याचं अंगरख्याविना भागत होतं. औषधानं बाकीचे मारले आणि याला मैदान मोकळं करून दिलं. पिढ्यामागून पिढ्या तो उघड्या अंगानं जगायला शिकला. एका पेशीतून शेजारच्या पेशीत, सावकाश, डुकराला न मारता. औषध चालू असेतोवर त्याची संख्या कमी राही, जनावर खाई-पिई, विई, वजन धरी. पण लाळेतून आणि शेणातून तो रोज बाहेर पडत होता. खोबरं न खाणारं डुक्कर त्याच्या वाटेत आलं, की ते दहा दिवसांत मरत होतं.

आजारी जनावर निदान ओळखू तरी येत होतं. तिनं ती ओळखच पुसून टाकली होती.

शेवटची एक गोष्ट तपासायची राहिली होती. तिनं केंद्रातल्या चार वाहक डुकरांचं खोबरं बंद केलं. नवव्या दिवशी चौघांनाही ताप चढला. म्हणजे औषध चालू ठेवावं तर रोग पसरणार, आणि थांबवावं तर जनावर मरणार. तिसरी वाट नव्हती. विषाणूची वंशावळ लावली तेव्हा देशभरच्या नमुन्यांचं मूळ एकाच ठिकाणी जाऊन मिळालं. सगळ्यात जुनं आणि सगळ्यात मोठं शेड, जिथं त्याला सगळ्यात जास्त पिढ्या मिळाल्या होत्या. खडीमाळ.

केंद्राच्या प्रमुख कारखानीस मॅडमनी सगळे कागद वाचले, चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी दिल्लीला फोन लावला. दोन दिवसांत ठरलं. ज्यांनी कधीही खोबरं खाल्लं आहे अशी सगळी डुकरं मारायची. सुरुवात मुळापासून करायची, गुरुवारी सकाळी, आणि तोवर कुठंही वाच्यता करायची नाही. जनावरं हलवली गेली, एखादं रानात सुटलं, तर सह्याद्रीतल्या रानडुकरांत रोग शिरेल. रानाला खोबरं चारता येत नाही आणि खड्डाही खणता येत नाही.

“तुम्हाला त्या दिवशी तिथं जायची सक्ती नाही, अनसूया,” मॅडम म्हणाल्या.

अनसूया म्हणाली, मी जाईन.

पण ती गुरुवारऐवजी बुधवारी दुपारीच गेली. का गेली, हे पुढं चौकशीत तिला तीनदा विचारण्यात आलं, आणि तिन्ही वेळा तिला नीट सांगता आलं नाही. तिला एवढंच वाटलं होतं, की ज्या माणसानं माझ्या शब्दावर सगळं लावलं, त्याला हे परक्या साहेबाकडून कळू नये.

हणमंता शेडाबाहेर खाटेवर बसून पिल्लांच्या कानांना लावायचे बिल्ले वेगळे करत होता. तायव्वानं चहा आणला. घरात बोलणं वडारीतच चालायचं. अनसूयानं त्याच भाषेत, तिला जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत, सगळं सांगितलं. विषाणूचा अंगरखा, चिलखत, मेघालयातलं गाव. हणमंतानं मध्ये एकदाही तिला अडवलं नाही. शेवटी त्यानं शेडाकडं बोट केलं.

“ती आजारी हायत?”

“नाहीत.”

“मरायला लागल्यात?”

“नाही, अण्णा.”

“मग मारायची कशापायी? तूच म्हणालीवतीस, आता कुणाला मारायला नको.”

तिनं पुन्हा सांगायला सुरुवात केली. तो ऐकत होता, पण ते त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं, हे तिला दिसत होतं. डोळ्यांना दिसणारं धडधाकट जनावर एकीकडं आणि तिचे शब्द दुसरीकडं. दोन वर्षांपूर्वी त्यानं तिच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि तो शब्द खरा झाला. आता तोच शब्द उलटा फिरला होता. तायव्वा म्हणाली, गाभण्या माद्या तरी सोडा की, अकराच तर आहेत, त्यांना आम्ही लांब बांधून ठेवतो. अनसूयानं मान हलवली. हणमंतानं हातातले बिल्ले डब्यात टाकले, झाकण लावलं आणि म्हणाला, “चहा घे, गार व्हायला लागलाय.”

तिनं त्याच्याकडून वचन घेतलं, की यातलं काही बाहेर जाणार नाही. त्यानं दिलं. मग ती मुक्कामाला चंदगडच्या विश्रामगृहावर गेली.

गुरुवारी सकाळी आठला गाड्या आल्या. पांढरे पोशाख घातलेली वीस माणसं, जेसीबी, चुना. वस्तीतली माणसं रस्त्याच्या कडेला ओळीनं उभी राहिली. कुणी आरडाओरडा केला नाही. म्हाताऱ्यांनी अनसूयाकडं पाहिलं आणि नजर दुसरीकडं वळवली. ते तिला शिव्यांपेक्षा जड गेलं. दुपारपर्यंत घरांमागची डुकरं संपली आणि शेड रिकामं झालं. मोजणीवरचा अधिकारी नवीन होता, काटेकोर होता. एकोणपन्नास माद्या भरल्या. नोंदीत साठ होत्या. त्यानं विचारलं तेव्हा हणमंता म्हणाला, की गेल्या महिन्यात अकरा माद्या जत्रेला विकल्या, नोंद करायची राहिली. आणि विकताना कानांतून काढून घेतले म्हणून त्यानं अकरा बिल्ले डब्यातून काढून अधिकाऱ्याच्या हातावर ठेवले.

अनसूया शेडाच्या मागच्या बाजूला उभी होती. तिथल्या कुंपणाची तार वाकलेली होती, आणि ओल्या चिखलात खुरांचे ठसे रानाच्या दिशेनं गेले होते. ताजे होते. त्यांच्यामागून एका माणसाची पावलं होती, डावा पाय जरा फरफटत टाकणाऱ्या माणसाची.

“मॅडम, जत्रेचं खरं आहे का?” अधिकाऱ्यानं तिला विचारलं. “तुम्ही घरच्या आहात, म्हणून विचारतो.”

तिनं हणमंताकडं पाहिलं. तो तिच्याकडं पाहत नव्हता. शेडाच्या रिकाम्या दारात उभा राहून धाप लागल्यासारखा श्वास घेत होता. हातात बेड्या घालून त्याला या सगळ्या माणसांसमोर जीपमध्ये बसवतील, हे तिच्या डोळ्यांपुढं आलं. आणि मनानं लगेच एक हिशेबी पळवाट काढून दिली. खोबरं बंद झालं आहे, त्या अकरा जणी नवव्या दिवशी तापतील आणि आपोआप मरतील, एवढ्या मोठ्या रानात कुणाला भेटणार आहेत?

“असेल,” ती म्हणाली. “जत्रा असते या महिन्यात.”

अधिकाऱ्यानं तसं लिहून घेतलं, जत्रेतल्या गिऱ्हाइकांचा माग काढायचा शेरा मारला, आणि तिनं खाली सही केली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पहिलं मेलेलं रानडुक्कर सापडलं, दक्षिणेला, गोव्याच्या हद्दीजवळच्या एका ओढ्यात. मग चार, मग एका पाणवठ्यावर तेवीस. कारखानीस मॅडमनी नकाशा पसरला. अशा वेळी एकच गोष्ट करता येते. रोग जिथं शिरला तिथून भोवती कुंपण घालायचं आणि आतली सगळी रानडुकरं महिनाभरात संपवायची. कुंपण वीस किलोमीटरचंच जमणार होतं. ते कुठं घालायचं, यावर सगळं होतं. मॅडमनी विचारलं, की हा रोग रानात कुठून शिरला असेल, काही अंदाज?

अनसूयानं त्याच दुपारी हणमंताला फोन केला. कत्तलीनंतर दोघं बोलले नव्हते.

“अण्णा, त्या अकरा जणी कुठं सोडल्यास? मी कुणाला सांगणार नाही. फक्त जागा सांग.”

पलीकडं श्वासाची शिट्टी ऐकू आली. मग तो बोलला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी मराठीत बोलला, सरकारी माणसाशी बोलावं तसा.

“आमी काय सोडलं न्हाई, मॅडम. तुमच्या कागदावर लिवलंय की, जत्रंला इकली. तुमचीच सही हाय.”

फोन बंद झाला. ती मॅडमच्या खोलीच्या दारापर्यंत गेली. सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं. बुधवारची दुपार, चिखलातले ठसे, सही. आणि सांगूनही जागा कळणार नव्हतीच, नुसता अण्णा तुरुंगात जाणार होता. असं तिनं स्वतःला समजावलं. कुंपण पहिल्या मेलेल्या जनावराच्या आधारानं दक्षिणेला घातलं गेलं. तारांच्या आत चौदाशे रानडुकरं गोळ्या घालून मारली. रोग तोवर उत्तरेकडून आंबोलीच्या रानात उतरला होता. फेब्रुवारीत तो तीन जिल्ह्यांत होता, मार्चमध्ये कर्नाटकात. खेड्यांमधून बातम्या यायच्या, की यंदा नाचणीत, काजूत रानडुकरांचा उच्छाद अजिबात नाही. सुरुवातीला शेतकरी खूश होते. मग ओढ्यांच्या पाण्याला वास येऊ लागला. माग काढणारे वनरक्षक सांगत, की बिबटे आता कुत्र्यांसाठी वस्तीत उतरायला लागलेत.

खोबऱ्यावर बंदी आली. देशभरची वाहक डुकरं मारणं चालू होतं. जिथं लोक जनावरं लपवून ठेवत आणि गुपचूप खोबरं चारत, तिथून रोग पुन्हा निघे. मेघालयातल्या बाईंनी एकदा मेल केला. त्यांच्या जिल्ह्यात आता डुक्कर उरलं नव्हतं, लग्नं पुढं ढकलली जात होती, कारण पाहुण्यांपुढं काय वाढायचं हेच कळत नव्हतं. शेवटी त्यांनी लिहिलं होतं, तुमची तब्येत कशी आहे. 

एप्रिलच्या सुरुवातीला हणमंता केंद्राच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. वाळला होता. पहारेकऱ्यानं आत सोडलं नाही म्हणून सकाळपासून झाडाखाली बसला होता. अनसूया बाहेर आली तेव्हा तो उठला.

“चल, जागा दाखवतो,” तो म्हणाला.

आता त्या जागेचा काही उपयोग नव्हता. ते तिनं सांगितलं नाही. तिनं बॅग घेतली, गाडी काढली, आणि दोघं दोन तासांत घाटमाथ्यावर गेले. वाटेत फक्त एकदा तो म्हणाला, की तायव्वा माहेरी गेली आहे, आणि वस्तीतली निम्मी घरं पुण्याला बांधकामावर.

गाडी सोडून, मेलेलं काही सापडलं तर पुरायला फावडं आणि चुना घेऊन, पुढं चालत जावं लागलं. त्याला दर शंभर पावलांवर थांबावं लागत होतं. उत्तरेच्या उतारावर, करवंदीच्या जाळीखाली, झऱ्याचं पाणी साठून चिखलाचं डबकं झालं होतं. रानडुकरं लोळायला येतात अशी जागा. त्यानं सांगितलं, की बुधवारी तिन्हीसांजेला त्यानं त्यांना इथवर हाकत आणलं. बाहेरचं बघितलं नव्हतं त्यांनी कधी, त्यामुळं पुढं जाईनात, त्याच्याच मागं परत यायला लागल्या. शेवटी त्यानं दगड मारले. तिसऱ्या आठवड्यात बघायला आला तर सात जणी इथंच मरून पडलेल्या. बाकीच्या दिसल्या नाहीत. तेव्हाच त्याला तिचं सगळं बोलणं कळलं.

“तवाच सांगायचं हुतं,” तो म्हणाला. “तुझा फोन आला, तवा जीभच उचलंना.”

“मीही नाही सांगितलं.”

तिनं वही काढून जागेचे आकडे टिपले, तारीख लिहिली. त्यानं विचारलं, माझं नाव घालणार? ती म्हणाली, घालणार, आणि त्याच्या वर माझं. त्यानं मान डोलावली, जणू कामाची वाटणी झाली.

परत फिरणार तेवढ्यात जाळीच्या पलीकडून बारीक कुईकुई ऐकू आली. रानडुकराची एक मादी कुशीवर पडली होती. कानांच्या कडा जांभळ्या झालेल्या, पोट हलत होतं न हलत होतं. तिच्या आचळांना पाच पिल्लं झोंबत होती. अंगावर पिवळट पट्टे असलेली, आठ-दहा दिवसांची, चपळ. त्यांना अजून काही झालेलं नव्हतं. हणमंता गुडघ्यांवर बसला. साऱ्या जन्माच्या सवयीनं त्याचा हात मादीच्या कानामागं गेला, ताप बघायला.

“तुझ्या पिशवीत खोबरं आसंल की,” तो म्हणाला.

होतं. तपासणीसाठी दोन पुड्या तिच्याजवळ नेहमी असायच्या.

“ही न्हाई वाचायची, मला दिसतंय. पण पिल्लांच्या तोंडात चिमूट चिमूट घातलं, तर जगतील?”

“जगतील.”

“मग?”

“जगतील, अण्णा. म्हणूनच देता येत नाही.”

 यावेळी तिचे शब्द त्याच्यापर्यंत पोचले होते. तिला ते दिसत होतं, आणि ते न पोचले असते तर बरं झालं असतं असं वाटत होतं. तिनं बॅगेतून इंजेक्शनची पेटी काढली. आधी मादीला दिलं. मग पिल्लांकडं वळली. पिल्लू एका हातात धरून दुसऱ्यानं सुई टोचायची तिला जमेना, ते निसटून पुन्हा आईच्या पोटाकडं पळालं.

हणमंतानं ते उचललं. पालथं करून तळहातावर घेतलं, अंगठ्यानं पुढचे पाय दाबून धरले, डुकरं सांभाळणारा धरतो तसं, दुखू न देता. पिल्लू गप्प झालं.

“टोच,” तो म्हणाला.

एकामागून एक पाच झाली. त्यानं ती आईच्या पोटाशी ओळीनं ठेवली. मग त्यानं खड्डा खणला. जमीन कातळाची होती, त्याला दम लागत होता, पण त्यानं तिच्या हाती फावडं दिलं नाही. वरून चुना टाकून झाल्यावर तो बाजूच्या दगडावर टेकला आणि श्वास खाली बसण्याची वाट पाहत राहिला. रानात कुठंच खसफस नव्हती.

“बाकीच्या रानात ह्यांना कोण धरत आसंल?” थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

 तिनं नकाशा उघडला. या उतारावर असे आणखी सहा पाणवठे होते. ऊन कलायला अजून तीन तास होते.

“किती हायत?” त्यानं विचारलं.

“सहा.”

त्यानं फावडं खांद्यावर घेतलं आणि कमरेवर हात ठेवून सावकाश उठला.

“चल,” तो म्हणाला.